हमीदभाईंची घरपोच वॉरंटी

हमीदभाई स्वतःच्या अंगणात हेल्मेट घालून दात घासायचे.

हेल्मेट म्हणजे मोटरसायकलवाल्यांचं नव्हे. तेलविहिरीवर कामगार घालतात तसलं, पिवळंजर्द, हनुवटीखाली पट्टा असलेलं. अंगणात त्यांचे माड होते. माडावरून नारळ पडतो, तो खाली पडतो आणि खाली आपण असतो, इतकं सरळ गणित. पाडेली वेळच्या वेळी येऊन नारळ उतरवून जायचा, तरी हेल्मेट काही उतरायचं नाही. आमच्या दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा बुटका गडगा आहे, त्याच्यावरून मी एकदा विचारलं, "हमीदभाई, ह्या अंगणात आजवर कोणाच्या डोक्यात नारळ पडलाय का?"

चूळ भरून ते म्हणाले, "नाय ना पडला! म्हंजे अजून पडायचा बाकी हाय."

आता माझी ओळख. मी विमा एजंट. रत्नागिरीत मला लांबून येताना बघून लोक रस्ता ओलांडतात. लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारचा पाट सगळ्यांत शेवटी भरतो. ज्यांना वर्षानुवर्षं ओळखतो ती माणसंसुद्धा मी "काय, कसं काय?" म्हटलं की घाईघाईनं "आमच्याकडे आहे हो एक पॉलिसी" असं उत्तर देतात. अशा माझ्या आयुष्यात हमीदभाई हा एकच माणूस, जो माझी स्कूटर वाजली की आपणहून गडग्याशी यायचा आणि बाजारात नवीन काय भाजी आली असं विचारावं तसं विचारायचा, "काय एजंटसाहेब, नवीन काय आलं?"

त्यांनी माझ्याकडून आयुष्याचा विमा घेतला, अपघाताचा घेतला, घराचा, आगीचा, चोरीचा घेतला. सायराभाभींच्या शिवणयंत्राचाही घ्यायचा होता, पण माझ्याकडे तसला नव्हता, तर आठवडाभर माझ्यावर नाराज होते. "कव्हर हाय काय?" हा त्यांचा आयुष्याला विचारलेला एकमेव प्रश्न. एकदा आमच्याकडे गणपतीला आले. माझ्या बायकोनं, शुभानं, वाफाळता मोदक हातावर ठेवला. तो न्याहाळत म्हणाले, "शुभावयनी, गरम हाय. फुटला तर कव्हर हाय काय?"

"दुसरा मिळेल," शुभा म्हणाली.

"मंग चालेल," म्हणून त्यांनी निर्धास्तपणे तोंडात टाकला.

असा हा माणूस पोटासाठी काय करत होता? भर समुद्रात उभ्या केलेल्या लोखंडी मचाणांवर जाऊन तेलाच्या पाइपांचे व्हॉल्व्ह तपासत होता! कंपनी त्यांना कधी आखातात पाठवी, कधी आफ्रिकेच्या कुठल्याशा बंदरात, कधी नकाशात दोनदा शोधावं लागेल अशा ठिकाणी. चार महिने तिकडे, दोन महिने इकडे. जाताना विमानाला भीत, पोचल्यावर बोटीला, बोटीतून उतरल्यावर शिडीला. राजिवड्याच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा लोकांच्या घरांपर्यंत खाडीचा वारा येतो, त्याच वाऱ्यावर वाढलेला हा दर्यावर्दी खानदानाचा माणूस, पण त्याला पाण्याचं भय आणि कोरड्याचंही.

"एवढी भीती वाटते तर जाता कशाला?" मी विचारलं होतं.

"भीती वाटते म्हणून सगळे घरी बसले, तर इकडची अर्धी घरं कौलाशिवाय राहतील," ते म्हणाले. आमच्या वाडीतली बरीचशी कौलं आखातातूनच आली आहेत.

मग एका सुट्टीत ते लॅपटॉप घेऊन आले. लॅपटॉप तेव्हा नवलाची वस्तू होती. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एखाद्या साहेबाकडे असला तर असेल, पण आमच्या आळीत पहिलाच. लोक बघायला आले. हमीदभाईंनी सगळ्यांना पडवीत बसवलं आणि आतून एक पुस्तिका आणली. लोक म्हणाले, "लॅपटॉप?" हमीदभाई म्हणाले, "आधी ह्ये बगा. मशीन काय, कोण पण घेतो."

ती पुस्तिका म्हणजे लॅपटॉपची वाढीव वॉरंटी. वारंवार परदेशी फिरणाऱ्यांसाठी खास, तीन वर्षांची, देशोदेशी चालणारी. लॅपटॉपच्या दुकानातला माणूस म्हणे ती विकायला जरा चाचरत होता, तर ह्यांनीच विचारलं, "ह्याच्यापेक्षा मोठी नाय काय?" तो विक्रेता मला भेटला असता तर मी त्याला मिठी मारली असती.

पुस्तिका इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. हमीदभाई ती घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, "अहो, हे माझं खातं नव्हे. मी माणसांचा विमा करतो."

"बारीक अक्षर हाय, कव्हर हाय. मंग तुमचंच खातं की."

एका रविवारी आमच्या पडवीत वाचन झालं. मी मोठ्यानं वाचायचं, मराठीत सांगायचं आणि त्यांनी मान हलवायची. पडून फुटला तर भरपाई आहे. चहा सांडला तर आहे. "उंटानं लाथ मारली तर?" मी म्हटलं, उंटाचं लिहिलेलं नाही, पण अपघातात बसेल. त्यांचा चेहरा उजळला. मग मी कशाकशाला भरपाई नाही, त्या पानावर आलो. युद्ध, दंगल, किरणोत्सर्ग. ह्या गोष्टींना भ्यायचं त्यांच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं. पुढे होतं, देवाच्या करणीनं झालेलं नुकसान भरून मिळणार नाही.

"म्हंजे अल्लाच्या मर्जीनं झालं तर कव्हर नाय?"

"नाही."

"मंग राहिलं काय?" ते खरंच गोंधळले होते. "सगळंच त्याच्या मर्जीनं होतं. ह्ये लोक नेमका कशाचा पैसा घेतात?"

मी कित्येक वर्षं विमा विकतो आहे. ह्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

त्याच पानावर दमट हवेचा उल्लेख होता. ओल लागून बिघडल्यास कंपनी जबाबदार नाही. आता रत्नागिरीत पावसाळ्यात चामड्याच्या चपलेला दाढी येते, तिथे लॅपटॉपची काय कथा! हमीदभाई त्या दिवसापासून हवेला भिऊ लागले. शेवटी त्यांनी कोकणातला जुना उपाय केला. भाभींनी पावसाळ्याची बेगमी म्हणून पत्र्याच्या मोठ्या डब्यात तांदूळ भरून ठेवले होते. तांदूळ ओल ओढून घेतो. हमीदभाईंनी लॅपटॉप पंच्यात गुंडाळला आणि तांदळात पुरला.

काही दिवसांनी सायराभाभींनी गडग्यावरून हाक मारली. "भाऊ, जरा येता काय? ह्ये बोलत नायत."

गेलो. हमीदभाई पडवीत हेल्मेट घालून बसले होते. समोर सुपात लॅपटॉप उन्हाला ठेवलेला आणि त्याच्या बटणांच्या फटींतून एकामागून एक सोंडकिडे बाहेर येत होते. भाभींची केसातली पिन घेऊन हमीदभाई त्यांना वाट दाखवत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "किड्यांचं काय लिवलंय?"

मी पुस्तिका उघडली. किडामुंगी, उंदीर, घुशी, कशालाच भरपाई नव्हती.

"तांदूळवाल्याकडून कव्हर घ्यायला पायजे होतं," भाभी आतून म्हणाल्या. हसल्या मात्र नाहीत, कारण ते खरोखर घाबरले होते. मशीन चालू झालं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर करून दुवा मागितली. त्यानंतर ते लॅपटॉप उशाशी घेऊन झोपू लागले. प्रवासात तो मांडीवर, जेवताना शेजारच्या खुर्चीवर. दुसऱ्याच्या हातात म्हणून कधी द्यायचे नाहीत.

पण ह्या सगळ्या वॉरंटीत एक कलम त्यांच्या काळजात जाऊन बसलं होतं. ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावलं. जगात कुठेही मशीन बंद पडलं, तरी कंपनीचा माणूस येऊन घेऊन जाईल आणि दुरुस्त करून नोंदवलेल्या पत्त्यावर घरपोच करील.

"कुठंही म्हंजे कुठंही?"

"कुठेही."

"आणि घरपोच."

"घरपोच."

"कोणाला जाऊन भीक मागायची नाय, सायबाची सही नाय, काय नाय. घरपोच."

पत्ता नोंदवायची वेळ आली तेव्हा मी धंद्यातल्या अनुभवानं सांगितलं, "तिथल्या कॅम्पचा पत्ता द्या. मशीन तिकडे बिघडणार, तुम्ही तिकडे असणार. दुरुस्त होऊन तुमच्याच हातात पडेल."

"नाय. घरचा लिवा."

"अहो, तुम्ही तिकडे आणि लॅपटॉप इकडे! भाभी काय करतील त्याचं?"

"घर म्हंजे घर, एजंटसाहेब," ते म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "माणसाची असली पॉलिसी नाय काय तुमच्याकडं? घरपोचवाली?"

मी म्हटलं, "माणसामागे पैसे येतात हमीदभाई. ते अगदी घरपोच."

"पैसे नाय इचारले," ते म्हणाले, आणि हेल्मेट काढून पट्टा बोटाभोवती गुंडाळत बसले.

पुढच्या फेरीला कंपनीनं त्यांना आफ्रिकेतल्या एका बंदरावर पाठवलं. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की ते फोन करायचे, त्यात कधी खंड नाही. फोन झाला की भाभी गडग्याशी येऊन शुभाला सांगणार, "बरे हायत. आज मच्छी मिळाली नाय म्हणून सांगत होते." त्या पावसाळ्यात मात्र एक शुक्रवार फोनाविना गेला. मग दुसराही. भाभी गडग्याशी यायच्या, पण नुसत्याच उभ्या राहायच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन देवरूखला दिलेली, तिला उगाच काळजी नको म्हणून त्यांनी कळवलंही नाही.

आणि एका दुपारी कुरिअरवाला खोकं घेऊन आला.

आमच्या किनाऱ्यावर परदेशातून सामान दोन तऱ्हांनी येतं. माणूस येतो आणि त्याच्यामागून रिक्षाच्या टपावर बांधलेली खोकी येतात, ही एक तऱ्हा. दुसरीत खोकं एकटंच येतं. खोक्यावर माणसाचं नाव असतं आणि सोबत माणूस नसतो. ही दुसरी तऱ्हा इकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

शुभाचा फोन आला तसा मी स्कूटर घेऊन धावलो. अंगणात बायका जमल्या होत्या. पायरीवर खोकं होतं. कुरिअरवाला बापडा सहीचा कागद हातात धरून घामाघूम झाला होता. "बाई, लॅपटॉप हाय हो, चांगली वस्तू हाय," असं तो म्हणायचा आणि ते ऐकून कोणीतरी बाई पदर तोंडाला लावायची. सायराभाभी खोक्यापासून लांब, माडाच्या बुंध्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी हमीदभाईंचं जुनं हेल्मेट छातीशी धरलं होतं.

"भाऊ, सही करायची नाय," त्या मला म्हणाल्या. "सही केली म्हंजे घेतला असा होतो. मी घेतला नाय."

मी सही केली आणि खोकं उघडलं. किती घरी मी मृत्यूचा दावा मिळवून द्यायला गेलो आहे! तेव्हा मी नेहमी नंतर पोचतो, तांब्याभर पाणी मागून कागद पुढे करतो. आधी पोचायची सवय मला नाही. आत फेसाच्या पांढऱ्या तुकड्यांत लॅपटॉप होता. वर एक छापील चिठ्ठी. दुरुस्ती पूर्ण, वॉरंटीनुसार नोंदवलेल्या पत्त्यावर परत. मी ती मोठ्यानं वाचली, मराठीत सांगितली आणि म्हटलं, "बघा भाभी, नुसती दुरुस्ती आहे."

"भाऊ," त्या हलकेच म्हणाल्या, "ते मशीन उशाशी घेऊन झोपतात. मला हात लावू देत नायत. हातपाय धड असते तर त्यांनी ते सोडलं असतं काय?"

अंगणातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कंपनीच्या चिठ्ठीकडे पाहिलं. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, गेले हमीदभाई.

कॅम्पचा फोन नंबर मी दिवेलागणीपर्यंत फिरवत राहिलो. पलीकडे वाजायचा आणि तुटायचा. शेजारच्या म्हाताऱ्या अब्दुल्लाचाचांनी सांगितलं, खबर पक्की कळेपर्यंत कोणी रडायचं नाही. कोणी रडलं नाही. ते जास्त भयंकर होतं. भाभींनी खोक्यावर एक स्वच्छ चादर घातली आणि शुभा त्यांच्याजवळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाभींच्या घरचा फोन वाजला. आम्ही सगळे तिथेच होतो. भाभींनी उचलला. लाइनवरची खरखर मला दारापर्यंत ऐकू येत होती, आणि त्या खरखरीतून तो आवाज आला, खणखणीत, "सायरा, मशीन पोचलं काय?"

शुभानं पुढे होऊन त्यांचा हात धरला. "हॅलो? पोचलं काय? खोकं फुटलेलं नाय ना?" पलीकडून चालूच होतं. मग भाभी म्हणाल्या, "मशीन पोचलं. तुमी कदी पोचताव?" आणि रिसिव्हर माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून त्या आदल्या दिवसापासूनचं सगळं रडल्या.

मी फोनवर हमीदभाईंना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. वादळानं मचाणावरचा फोन बंद पडला होता, बोट येऊ शकली नव्हती, म्हणून शुक्रवार हुकले; लॅपटॉप वादळाच्या आधीच निघाला होता. ते ठीक. पण लॅपटॉपला झालं काय होतं?

"काय नाय. एक बटण ढिलं होतं."

"एका बटणासाठी तुम्ही तो एवढ्या लांब पाठवलात? जिवापलीकडे जपता ना त्याला?"

पलीकडे त्यांचा आवाज खाली आला.

"बगायचं होतं," ते म्हणाले. "इथनं घरपर्यंत काय पोचतं काय, ते बगायचं होतं."

मग त्यांनी मला युनूसचं सांगितलं. हा युनूस आंजर्ल्याचा, हमीदभाईंच्या खोलीत राहायचा. आखातातल्या एका कॅम्पात तो तापानं गेला. कागद पुरे होईनात, कंपनी म्हणाली विमान मिळत नाही, उन्हाळा तसला. शेवटी तिथेच माती दिली. माती देणाऱ्यांत ह्यांचा एक हात होता. सुट्टीवर आल्यावर युनूसची बॅग घेऊन हे आंजर्ल्याला गेले. त्याच्या आईनं बॅग उघडली, एकेक सदरा काढून वास घेतला, घडी घालून पुन्हा ठेवला. मग ह्यांना विचारलं, "बॅग आणलास रं बाबा. त्याला का नाय आणलास?"

"मी काय बोलू तिला?" हमीदभाई म्हणाले. "तिनं वर मला चा पाजला, एजंटसाहेब. घावन करून घातलं. आणि मी ते खाल्लं."

मी रिसिव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मशीन पोचलं म्हंजे रस्ता हाय," ते म्हणाले. "पण मशीनचा कागद होता. माझा कागद कुठं हाय?"

ते पावसाळा संपता संपता सुखरूप परत आले. रिक्षातून उतरले ते थेट भाभींसमोर जाऊन खाली मान घालून उभे राहिले. भाभींनी आधी त्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला आणि मगच तोंड सोडलं. "आता पडू दे नारळ!" मी आणि शुभानं गडग्याआड बसून सगळं ऐकलं.

लॅपटॉप त्यांनी परत कधी नेला नाही. वॉरंटीची मुदत संपली तेव्हा वाढवायला मी आठवण केली, तर म्हणाले राहू दे.

पुढच्या फेरीला ते निघाले तेव्हा रिक्षा दारात होती, बॅग आत ठेवलेली. ते गडग्याशी आले. भाभी मागे पायरीवर होत्या, पण त्यांचे कान इकडेच होते. नेहमीप्रमाणे नवीन काय आलं ते त्यांनी विचारलं नाही. गडग्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "एजंटसाहेब, माझी नोंद करून ठेवा. पत्ता तोच. काय झालं, कुठं पण झालं, तर मला हितं आणायचं. भांडा, अर्ज करा, कोणाचे पाय धरा. सायरानं माझं नुसतं खोकं उघडायचं नाय."

मी विमा एजंट आहे. जे आपल्या हातात नाही त्याचा शब्द गिऱ्हाइकाला कधी देऊ नये, हे ह्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. कुठलं बंदर, कुठलं सरकार, कुठली कंपनी, मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. मी पायरीवरच्या भाभींकडे बघितलं आणि म्हटलं, "घरपोच, हमीदभाई."